घड्याळजी नदीवर

नदी कुठंय, त्याने विचारलं.
मी पुलाच्या कठड्यावरून बोट दाखवलं.
ते? ते तर गटार आहे.
तीस वर्षं ग्लेंडेलात काढून वाहाग्नने
ही नदी पाहिली नव्हती कधी,
नुसती ओलांडली होती, गाडीच्या काचा वर करून.

कुंपणाच्या जाळीला एक भोक आहे, तिथून वाकून शिरायचं.
मग सिमेंटचा उतार, बूड टेकवत, हळूहळू,
साठी उलटलेली दोन माणसं
आणि मध्ये माझी बादली, खडखडत पुढे निघालेली.

खाली सिमेंट नाही.
इथे जमिनीतून पाण्याचा रेटा एवढा
की सरकारनेही हात टेकले.
म्हणून गोटे आहेत, बगळे आहेत,
एक उलटं ट्रॉलीचं चाक आहे शेवाळलेलं,
आणि वाळुंजाच्या फांद्यांवर, आपल्या डोक्याच्या दोन हात वर,
मागच्या पुरातल्या पिशव्या.
एवढं पाणी येतं?
येतं. वर्षातून चार दिवस.
एरवी ही कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दुकान त्याने मार्चमध्ये बंद केलं.
त्याची मुलगी म्हणाली, एबेलियो काका,
बाबा दिवसभर भिंतीवरची घड्याळं जुळवत बसतात,
जुळलेलीच. कुठेतरी न्या त्यांना.
कुठेतरी म्हणजे मला हेच ठाऊक.

आमिष म्हणून मी टॉर्टिया काढली, कालची, बायकोने थापलेली.
तो हसला. मासे हे खातात?
लेंपा नदीवर आम्ही गांडूळ लावायचो, म्हटलं,
पण इथल्या कार्पांना इथलीच चव लागलीय.
तुकडा मळायचा, गळाभोवती अंगठ्याने दाबायचा.
गाठ मारताना मी चष्मा शोधला, शिवी घातली,
तेव्हा त्याने माझ्या हातातून गळ घेतला
आणि दोरा ओवून, ओला करून, आवळून परत दिला.
माझी शिवी अजून अर्धीच होती.

गळ टाकणं मात्र काही जमेना.
पहिला वाळुंजात. दुसऱ्याने माझी टोपी नेली.
तिसरा कुठे पडला ते दोघांनाही दिसलं नाही,
पाण्यात असावा.

मग बसणं.
दर मिनिटाला तो मनगट बघायचा.
काढ ते, म्हटलं. त्याने घड्याळ काढून बुटात ठेवलं,
आणि मग बुटाकडे बघू लागला.
वर हायवे घरंगळत होता.
त्याला शर्ट लागला एक, निळा, चिखलाने जड.
त्याने तो पिळून, घडी घालून दगडावर ठेवला,
जणू मालक येईल मागायला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दांडी वाकली.
भिंगरी किंचाळली, आणि त्याने दोन्ही हातांनी
दोर गच्च धरला.
सोड! मी ओरडलो. जाऊ दे त्याला!
जाऊ देऊ? मग पकडायचा कसा?
आता या माणसाला काय सांगावं.
अरे, स्प्रिंग समज! गुंडाळलेली! उलगडू दे, मग चावी दे!
हे त्याला एकदम कळलं.
पाऊण तास लागला असेल, किंवा दहा मिनिटं,
घड्याळ बुटात होतं.

कार्प निघाला तो हातभर लांब, पितळी,
एक मिशी तुटलेली.
वाहाग्नने त्याला दोन्ही हातांत उचललं
आणि मी काही म्हणायच्या आत
कानाला लावलं.
सवय. दुसरं काय.
शर्टाची कॉलर भिजली, गालाला खवला चिकटला.
काय म्हणतो?
डोळे मिटूनच होता तो.
चालू आहे, म्हणाला.
आणि गुडघाभर पाण्यात जाऊन
ज्याची वस्तू त्याला परत द्यावी तसं
सोडून आला.

त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही उरलेल्या टॉर्टिया
मीठ लावून खाल्ल्या.
कुणाला काही लागलं नाही पुन्हा.

पुढच्या शनिवारी माझ्याआधी कुंपणाशी हजर.
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लवाश.
आमची रोटी यांना आवडते का बघू.
हिला चिकटपणा नाही, मी म्हटलं, गळावर राहणार नाही.
राहिली नाहीच.
दुपारपर्यंत अख्खा लवाश नदीने खाल्ला,
आमचा गळ कोराच,
आणि हा माणूस काठावरून वाकून
तुकडे टाकतोय अजून.